विहिरीवर बसण्याचं काम

वासुदेवरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली खोट काढली आणि त्याबद्दल त्यांना दर महिन्याला पगार मिळाला. जवाहरनगरच्या फॅक्टरीत ते तपासणी खात्यात होते. समोर आलेली वस्तू हातात घ्यायची, चष्मा कपाळावर चढवून उजेडात फिरवून बघायची आणि पास किंवा रिजेक्ट, एवढंच बोलायचं. संशय आला की रिजेक्ट. या एका नियमावर त्यांची सगळी नोकरी निघाली. निरोप समारंभात साहेबांनी भाषणात 'सचोटी' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की शाल-श्रीफळाबरोबर तीही वासुदेवरावांच्या हातात दिल्यासारखी झाली. घरी आल्यावर श्रीफळ फोडलं, शाल कपाटात ठेवली. सचोटीचं काय करायचं हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

तो आज पडला. आज ते मंदाबाईच्या विहिरीच्या काठावर बसले होते आणि विहिरीच्या पाण्याकडे टक लावून पाहणं हे त्यांचं काम होतं.

झालं होतं असं. फॅक्टरीचं क्वार्टर महिनाअखेर रिकामं करायचं होतं. कोंढ्याजवळच्या आपल्या मूळ गावी वासुदेवरावांनी वाटणीला आलेल्या तुकड्यावर घर बांधलं होतं. फरशी बसली, रंग लागला, पलंगाच्या उशाशी मोबाइल ठेवायला कोनाडासुद्धा झाला. फक्त पाणी नव्हतं. बांधकामाला पाणी शेजारच्या मंदाबाईच्या विहिरीतून आलं. वर्षभर त्यांचा पाइप दोघांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तिच्या विहिरीत पडलेला होता आणि मंदाबाईनं, जिचं सगळं घर तलावात जाळं टाकून जगतं, एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं. वासुदेवरावांची बायको उषाबाई यांना नेमकी हीच गोष्ट खुपत होती.

"बांधकामाले पाणी मागितलं ते ठीक," त्या म्हणाल्या होत्या. "आता आंघोळीलेही मागायचं काय? अन् जन्मभर? मी सामान बांधून ठेवते. ज्या दिवशी आपल्या नळाले पाणी, त्या दिवशी गाडीत चढते."

सामान बांधून झालं होतं. क्वार्टरमध्ये दोघंजण आठवडाभर दोन ताटल्या आणि एका पातेल्यावर राहत होते.

मग कवडू पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून त्यानं सगळा तुकडा पालथा घातला. नारळ झोपल्यासारखा पडून होता. फक्त एका जागी, धुऱ्याला लागून असलेल्या कोपऱ्यात, तो ताठ उभा राहिला. धुऱ्याच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, मंदाबाईची विहीर होती. पाणी कुठं आहे हे मंदाबाईच्या सासऱ्यानं फार पूर्वी कुदळीनं शोधून ठेवलं होतं. नारळानं फक्त दुजोरा दिला.

मंदाबाईला विचारायला वासुदेवराव गेले तेव्हा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं. काळा चष्मा लावून ती ओसरीत बसली होती.

"मारा न बोअर," ती म्हणाली. "जागा तुमची हाये. पन माह्याच विहिरीवर टोल्याच्या वस्तीची पंधरा घरं पानी पेतेत, हे ध्यानात ठेवजा. अन् रीत पाळजा."

गावाची रीत अशी होती: धुऱ्यालगत बोअर मारायचा असेल तर मारणाऱ्यानं मशीनपाशी उभं राहायचं नाही. त्यानं शेजाऱ्याच्या विहिरीवर बसायचं, आणि मशीनपाशी शेजाऱ्याचा माणूस. विहिरीतलं पाणी हललं, गढुळलं, की बसणाऱ्यानं खांद्यावरचा दुपट्टा हलवायचा. तिकडचा माणूस तो पाहतो आणि मशीन बंद करायला लावतो. ही रीत ज्यानं काढली त्याला माणसांची फार चांगली पारख असावी, किंवा अजिबात नसावी.

मशीन आणायचं काम भुपेंद्रकडे. कोंढ्याचा ठेकेदार, त्याच्या कार्डावर बोअरवेल, मोटर आणि डीजे अशी तिन्ही कामं एकाखाली एक छापलेली होती. मशीन आणि त्यावरचे कामगार दक्षिणेतले, हुकूम मात्र भुपेंद्रचा. "आजचाच दिवस हाये साहेब," त्यानं सकाळीच बजावलं. "उद्या मशीन नाकाडोंगरीले जाऊन राहिली. मंग होळीनंतर."

तर असे वासुदेवराव विहिरीवर बसले. शेजारी पालथ्या टोपलीवर मंदाबाई. धुऱ्याच्या पलीकडे दोन प्रचंड ट्रक, भुपेंद्र, मंदाबाईचा मुलगा देवानंद, आणि पदर डोक्यावरून घेतलेल्या उषाबाई.

कॉम्प्रेसर सुरू झाला आणि जगातला बाकीचा आवाज संपला.

मंदाबाईनं तोंड त्यांच्या कानाशी आणलं. "मले डॉक्टरनं वाकाले मना केलं, भाऊ. नाही तं मीच पाह्यलं असतं. तुमीच सांगजा, काय दिसते ते."

"सांगतो न."

"अन् एखादा बुडबुडा आला तं घाबरू नोका. मरळ सोडली हाये आत. मरळ वर येऊन साँस घेते."

वासुदेवरावांनी मान डोलावली. मरळ त्यांना माहीत होती; लहानपणी बोडीत, शेतातल्या तळ्यात, पाहिली होती. विहिरीचं पाणी काळंभोर आणि स्थिर होतं. दगडी बांधणीची एक पायरी पाण्याच्या जेमतेम खाली दिसत होती. तिच्यावर शेवाळ होतं. तपासणीला आलेली वस्तू पाहावी तसं त्यांनी ते सगळं पाहून घेतलं आणि मनात पासचा शिक्का मारला.

तिकडून मुरमाची तांबूस धूळ उडत होती. मशीन अजून वरच्या मऊ थरात होती. मंदाबाई मधूनमधून विचारत होती.

"काय दिसते?"

"काही नाही. पाणी शांत हाय."

"शांतच हाये ते. माह्या सासऱ्याच्या सुभावाची हाये विहीर. मेला तवाच कळलं, घरात होता म्हून."

थोड्या वेळानं एक बुडबुडा आला. विहिरीच्या मधोमध, एकटाच, आणि फुटला.

"काय दिसते?"

"एक बुडबुडा."

"मरळ असन."

"असन," वासुदेवराव म्हणाले, आणि तोवर ते खरोखरच प्रामाणिक होते.

दुसरे आले ते मधोमध नव्हते. त्यांच्या तुकड्याकडच्या बाजूला, दोन दगडांच्या फटीतून, सोड्याच्या बाटलीत येतात तशी एकामागोमाग एक बुडबुड्यांची रांग लागली. मासा कितीही हुशार असला तरी दगडाच्या फटीत बसून रांगेत श्वास सोडत नाही. मशीनची हवा जमिनीखालून या विहिरीत शिरत होती. म्हणजे दोन्हीकडचा झरा एकच होता. म्हणजे इथं बोअर झाला तर ही विहीर त्या बोअरच्या मोटरच्या दयेवर राहणार होती, आणि तिच्याबरोबर पंधरा घरं. हे सगळं वासुदेवरावांना एका नजरेत कळलं. याच कामाचा तर पगार घेतला होता.

त्यांचा हात दुपट्ट्याकडे गेला.

आणि तिथंच थांबला. एक विचार आला: मरळ दोन असतील. मरळ दोन असायला कोणती हरकत आहे? आणि फटीतच राहत असेल एखादी. वासुदेवरावांच्या सगळ्या नोकरीत संशयाचा फायदा आजवर कोणाला मिळाला नव्हता. न वापरता साठत गेलेल्या त्या फायद्यातून त्यांनी पहिला हप्ता स्वतःला काढून दिला.

"काय दिसते, भाऊ?"

"मरळच," ते म्हणाले. "फिरून राहिली."

काळ्या चष्म्यामागे मंदाबाई कुठं पाहते आहे ते कळत नव्हतं.

डिसेंबरच्या उन्हात वासुदेवरावांना घाम फुटला. तो पुसायची सोय नव्हती. दुपट्टा खांद्यावरून काढला की तिकडे देवानंद मशीन बंद करायला लावेल. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं आणि दुपट्टा खांद्यावर दाबून धरला, वाऱ्यानंसुद्धा हलू नये म्हणून.

तेवढ्यात मशीनच्या तोंडातून धूळ यायची थांबली आणि चिखल आला. मग पाणी. तांबडं, फेसाळ, माणसाच्या उंचीएवढं. भुपेंद्रनं लांबूनच अंगठा वर केला. कामगार मागे सरले. उषाबाई मात्र पुढे झाल्या. त्यांनी दोन्ही हात त्या चिखलाच्या पाण्यात धरले, पदर ओला झाला तरी हलल्या नाहीत. त्या हसत होत्या. वासुदेवरावांनी हे हसणं गेल्या वर्षभरात पाहिलं नव्हतं. मुलीच्या लग्नात एकदा पाहिल्यासारखं वाटत होतं.

आता दुपट्टा हलवायचा म्हणजे त्या हातांखालचं पाणी काढून घ्यायचं.

त्यांनी मान खाली घातली आणि विहिरीत पाहिलं. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं. बुडबुडे आता फटीतून उकळी फुटल्यासारखे येत होते. आणि ती पायरी, जी पाण्याखाली होती, ती वर आली होती. ओली, हिरवी, टपटप गळणारी. तिच्याखालचा दगडही दिसायला लागला होता.

"तिकडं पानी लागलं वाटते," मंदाबाई म्हणाली. "आवाज बदलला."

"हो. लागलं."

"अन् माह्या विहिरीत काय दिसते?"

वासुदेवरावांना कळत होतं की ही शेवटची वेळ आहे. अजूनही 'आत्ताच हललं' असं म्हणता आलं असतं. ते खोटंच होतं, पण उपयोगी खोटं. त्यांनी दुसरं निवडलं.

"मरळ वर आली होती. तोंड काढलं तिनं."

"दिसली तुमाले?"

"दिसली न. काळी पाठ. चांगली हातभर हाय."

"डोस्क्यावर पांढरा चट्टा होता?"

"होता."

"दिसला?"

"स्पष्ट."

मंदाबाईनं गुडघ्यांवर हात ठेवले. मग त्यांच्या कानाशी येऊन, शब्द एकेक करून, अगदी शांतपणे म्हणाली, "मरळ आमी नातवाच्या बारशाले खाल्ली, भाऊ. मागच्या साली. विहिरीत आता बेंडूक बी नाही."

फॅक्टरीत कधीमधी मुद्दाम एखादा खोटा माल तपासणीच्या टेबलावर पाठवत, इन्स्पेक्टर जागा आहे की नाही हे पाहायला. त्यांनी तो दर वेळी ओळखला होता.

"मंग मले काहून सांगतलं, मरळ हाय म्हणून?"

"मले वाकता येत नाही. पानी पाहू शकत नाही, तं म्हटलं पाहानाऱ्यालेच पाहावं." तिनं चष्मा नीट केला. "आता खरं सांगा, काय दिसते."

त्यांनी सांगितलं. रिपोर्ट लिहावा तसं सांगितलं: कोणत्या बाजूच्या फटीतून हवा येते, पाण्याचा रंग कसा, पायरी किती उघडी पडली.

"कवापासून?"

"तिकडं धूळच उडत होती तेव्हापासून."

"हूं," मंदाबाई म्हणाली. "दुपट्टा तुमी हलवता का मी ओरडू?"

वासुदेवराव उभे राहिले आणि त्यांनी दुपट्टा हलवला. देवानंदनं भुपेंद्रचा दंड धरला. मशीन धडधडत थांबली. त्या शांततेत पहिला आवाज ऐकू आला तो विहिरीचा. दगडांच्या फटीतून पाणी गुळगुळ करत परत कुठंतरी ओढलं जात होतं.

सगळे धुऱ्यावर गोळा झाले. स्वयंपाक टाकून मंदाबाईची सून रंजूही पिठाचे हात घेऊन आली. देवानंद विहिरीत डोकावला आणि मान वर करून वासुदेवरावांकडे पाहत राहिला.

"काका, एवढं खाली गेलं तवरी तुमी काय पाहून राहिले होते?"

वासुदेवराव दुपट्ट्याची घडी घालू लागले.

भुपेंद्रनं मात्र लगेच धंद्याचं बोलणं काढलं. "काही झालं नाही, मावशी. वरचा झरा हाये, दोघाइचा एकच. आपन भोकाइच्या जाळीचा पाइप टाकून देऊ. साहेब बी पेतीन, तुमी बी प्यान. थोडं थोडं."

"अन् उन्हाळ्यात?" देवानंदनं विचारलं.

"उन्हाळ्यात..." भुपेंद्रनं मशीनकडे पाहिलं. "जे खोल असन ते राहीन."

"मंजे हे राहीन अन् आमचं आटन."

"मी असं म्हटलं काय? मी खोल म्हटलं."

"दुसरा काही उपाय?" उषाबाईंनी विचारलं. त्यांच्या हातांवरचा चिखल अजून ओला होता.

"हाये एक. बिनजाळीचा पाइप कडक पथ्थरापरेंत उतरवाचा, बाजूनं सिमेंट भराचं. हे वरचं पानी बंद. मंग खाली पथ्थर फोडत जाचं. पन ताई, खाली लागलं तं लागलं. लागलेलं पानी कोनी बुजवते काय?"

उषाबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाले केव्हा दिसलं?"

वासुदेवरावांनी मंदाबाईकडे पाहिलं. ती चष्म्याआडून तलावाच्या दिशेला तोंड करून बसली होती. तिकडून काही मदत यायची चिन्हं नव्हती.

"बुडबुड्यांची रांग लागली तेव्हा."

"म्हणजे मी पाण्यात हात धरून उभी होती तेव्हा?"

"त्याच्या आधी."

उषाबाईंनी हात पदराला पुसले. सावकाश, एकेक बोट.

"भुपेंद्रभाऊ, बुजवा ते पाणी," त्या म्हणाल्या.

"उषा, अगं पण खाली पाणी नाही लागलं तर..."

"तर तुम्ही बादल्या भराल. मी इथं राहायले येईन, पण या विहिरीवर मी येणार नाही. कोणत्या तोंडानं येऊ?" आणि त्या मशीनकडे चालू लागल्या. कामगारांनी त्यांना वाट करून दिली. भाषा कळत नसली तरी चाल कळत होती.

पाइप उतरायला, लवकर धरणारं सिमेंट कालवायला आणि ते धरायची वाट पाहायला वेळ गेला. भुपेंद्र सारखा मोबाइलमध्ये वेळ पाहत होता. वासुदेवराव धुऱ्यावर उभे होते. मशीनकडे जाण्यासारखी परिस्थिती नव्हती आणि विहिरीकडे जाण्याचा धीर नव्हता. धुरा हीच काय ती जागा होती आणि तीही हातभर रुंद.

शेवटी देवानंद मशीनकडे गेला आणि भुपेंद्रनं हात वर केला.

"या न, भाऊ," मंदाबाईनं हाक मारली. "बसा. रीत हाये."

ते गेले आणि आपल्या जागेवर बसले. समोरच्या काठावर रंजू येऊन बसली होती, पिठाचे हात तसेच, मान आत घातलेली.

"रंजू पाहते तं माझं काय काम?" त्यांनी विचारलं.

"रीत तुमची हाये, पाहाचं काम तिचं. बसा. आता तुमी खोटं बोलनार नाही."

"काहून?"

"आता तुमाले कोनी इचारनारच नाही."

मशीन पुन्हा सुरू झाली. या वेळी आवाज वेगळा होता, दाताखाली खडा आल्यासारखा. तांबूस धुळीच्या जागी पांढरी पिठूळ धूळ उडू लागली. वाऱ्यावर ती धुऱ्यापलीकडे येऊन विहिरीच्या काठावर, मंदाबाईच्या चष्म्यावर, वासुदेवरावांच्या डोक्यावर बसत होती. मशीनचा एक लोखंडी दांडा जमिनीत गेला, वर दुसरा जोडला. तोही गेला. धूळ कोरडीच. वासुदेवराव मान वळवून पाहत नव्हते, पण कान तिकडेच होते. दांडा जोडताना मशीन दम घेई तेव्हा भुपेंद्रचा आवाज येई, "ताई, थांबू काय?" आणि उषाबाईंचा, "चालू द्या."

विहिरीतली गढूळता खाली बसत होती. पायरीवरून ओघळ थांबले होते. मग पाणी हळूहळू वर सरकलं आणि पायरीची कड बुडली. फटीतून एकही बुडबुडा येत नव्हता. वासुदेवराव त्या फटीकडे असे पाहत होते की नोकरीत त्यांनी कोणत्याही वस्तूकडे तसं पाहिलं नसेल.

आणखी दांडे. उन्हं कलली. भुपेंद्रनं आता विचारणंही सोडलं होतं. मशीनचा खडखडाट एकसुरी झाला होता, आणि त्या एकसुरीपणात वासुदेवरावांना पुढची सगळी वर्षं दिसायला लागली. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक बादली, आणि काठावर काळ्या चष्म्यातली ही बाई.

मग आवाज जड झाला. तिकडे कोणीतरी ओरडलं, आपल्या भाषेत. मग भुपेंद्र ओरडला, मराठीत. पाणी कोसळल्याचा आवाज आला.

वासुदेवरावांनी वळून पाहिलं नाही. डोळे विहिरीत होते. फट पाहिली. पायरी पाहिली. पाण्याचा रंग पाहिला. पुन्हा फट पाहिली. तिकडे एवढं पाणी उसळत होतं आणि इथं पाण्यावर बसलेली पांढरी धूळसुद्धा जागची हलली नव्हती. खालचा झरा वेगळा होता. विहिरीला काहीही झालं नव्हतं. आयुष्यात प्रथमच त्यांना एखादी गोष्ट पास झाल्याचं ओरडून सांगावंसं वाटलं.

"रंजू," मंदाबाई म्हणाली, "हललं काय?"

रंजू आणखी वाकली. या कडेपासून त्या कडेपर्यंत तिनं नीट पाहिलं.

"नाही हललं, आई."

वासुदेवरावांनी उघडलेलं तोंड मिटलं.

"मंग चाल. भाकरी राहिल्या न तुह्या." मंदाबाई सुनेचा हात धरून उठली, लुगड्यावरची धूळ झटकली आणि दोघी घराकडे गेल्या. धुऱ्यापलीकडे देवानंद आणि भुपेंद्र पाण्याखाली हात धुत होते. उषाबाई पाण्यापासून थोड्या दूर उभ्या होत्या आणि या वेळी त्यांनी हात पुढे केले नव्हते.

वासुदेवरावांना उठायला कोणी सांगितलं नाही, म्हणून ते बसून राहिले.